खणातला बिल्ला

दिगूनं त्या दिवशी चहाचा ग्लास डाव्या हातानं घेतला, म्हणून माझं लक्ष गेलं.

“उजव्या हाताला काय झालं?”

“काय नाय गो. जरा भाजल्यासारखा वाटता.”

त्यानं हात माझ्या ऑफिसच्या खिडकीच्या कठड्यावर ठेवला. अंगठा आणि शेजारची दोन बोटं लालभडक सुजली होती, कातडी ताणून चकाकत होती. एरवी हा हात त्या कठड्यावर कधी स्वस्थ बसायचा नाही. दिगू गावच्या भजनात पखवाज वाजवायचा, आणि माझ्याशी दोन शब्द बोलायचे झाले तरी त्याची बोटं लाकडावर काहीतरी वाजवत असायची.

“कशानं भाजलं?”

“तोच तर गोंधळ आसा. गरम असा काय हाताक लागलाच नाय.”

मग त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि आपली मालवणी सोडून तो ऑफिसातल्या मराठीवर आला. प्रकरण साधं नाही, हे मी तेव्हाच ओळखलं.

ही सत्त्याऐंशी सालची गोष्ट. खोपोलीच्या आमच्या कारखान्यात बॉयलर आणि मोठाल्या टाक्या बनत. कारखान्याचं नाव लिहीत नाही. तो आता दुसऱ्याच नावानं चालतो आणि नव्या मालकांना यातलं काही ठाऊकही नसेल. टाकीचा वेल्डिंगचा जोड आतून पोकळ राहिला आहे का, हे बाहेरून दिसत नाही. ते बघायला किरणांनी जोडाचा फोटो काढतात, दवाखान्यात हाडाचा काढतात तसा. फरक इतकाच, की दवाखान्यातलं यंत्र बटण दाबलं की बंद होतं आणि आमच्याकडचा किरणांचा सोर्स कधीच बंद होत नसे. शेंगदाण्याएवढी धातूची कुपी, पण तिला शिशानं भरलेल्या जड पेटीत ठेवावं लागे. त्या पेटीला सगळे कॅमेरा म्हणत. काम करताना लांबून तारेनं ती कुपी पेटीबाहेर नळीत ढकलायची, आणि फोटो झाला की तारेनंच परत ओढून घ्यायची. हे काम करणारे तिघे होते. दिगंबर परुळेकर हा त्यातला एक. मी कुंदा घरत, तिथली टायपिस्ट. हजेरीही माझ्याकडेच. वय चोवीस.

दहा दिवसांपूर्वी रविवारी दुपारी तार परत आली, पण कुपी जोडातून सुटून नळीतच राहिली. दिगूला ते कळलं नाही. ते कळायला किरण मोजणारा मीटर लागतो, आणि आमचा मीटर दोन महिने दुरुस्तीच्या नावाखाली पाथरे साहेबांच्या कपाटात पडून होता. नळी गुंडाळताना तिच्यातून काहीतरी खाली पडलं. तारेचा तुकडा असेल असं समजून त्यानं ते चिमटीत उचललं आणि डोळ्यांसमोर धरून पाहिलं. मग काय ते ओळखलं, टाकून दिलं, लांब पळाला, आणि शेवटी लांब चिमट्यानं ती कुपी पेटीत घातली.

“हातात किती वेळ होती?”

“अर्धा मिनिट. कदाचित त्याहून कमी.”

“पाथरे साहेबांना सांगितलंत?”

“त्याच दिवशी सांगितलं. म्हणाले, कंपनी बघेल.”

पाथरे हे आमचे मॅनेजर, आणि ‘कंपनी बघेल’ हे त्यांचं पालुपद. पंख्यापासून पगारवाढीपर्यंत कशालाही तेच उत्तर. माझ्या तीन वर्षांच्या नोकरीत कंपनीला काही बघताना मी पाहिलं नव्हतं.

मी दिगूला ‘तुम्ही’ म्हणायची, तो मला ‘तू’ म्हणायचा. आमचं काय चाललं होतं हे चहावाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. फक्त माझ्या बाबांना माहीत नव्हतं. शिमग्याला गावी जाऊन आला की तो बाबांना भेटणार होता. त्याच्या परुळ्याचं घर मी इतक्यांदा ऐकलं होतं, की मला ते तोंडपाठ झालं होतं. दारात ओहळ, ओहळावर साकव, साकवाच्या पलीकडे काजूची झाडं. साकव ओलांडताना मला भीती वाटेल, आणि मग तो हात देईल, इथपर्यंत माझी तयारी झाली होती.

माझ्या टेबलामागे भिंत होती आणि भिंतीपलीकडे स्टोअर. काम संपलं की दिगू कॅमेरा स्टोअरमध्ये आणून ठेवायचा आणि भिंतीवर बोटांनी वाजवायचा. धा, धिं, धिं, ता. मी पेन्सिलीनं दोनदा टकटक करायची. एवढंच. पण मी दिवसभर त्या चार ठोक्यांची वाट बघत टाइप करत असे, आणि तो रजेवर गेला की ती भिंत मला खायला उठायची.

आता बिल्ल्याचं सांगते, कारण सगळं त्याच्यावर आलं.

किरणांचं काम करणाऱ्याच्या छातीवर एक बिल्ला असतो. आत फिल्मचा तुकडा. अंगावर जितके किरण पडले तितकी ती फिल्म काळी होते. दर तीन महिन्यांनी फिल्म मुंबईच्या प्रयोगशाळेत जाते आणि तिथून आकडा येतो. ती पाकिटं मीच पाठवायची. जगात लोक कामावर जाताना बिल्ला लावतात, आमच्याकडे कामावर जाताना काढून ठेवत. त्याला कारण होतं. आकडा जास्त आला तर त्या माणसाला किरणांच्या कामावरून काढायचं, असा नियम. आमच्या कंपनीनं त्याचा अर्थ नोकरीवरूनच काढायचं असा घेतला होता. दिगूच्या आधी एक जण तसा गेला होता. पाथरे साहेब सांगत, “बिल्ले नीट सांभाळा, खराब होऊ देऊ नका.” याहून स्पष्ट ते काही बोलत नसत, आणि कुणाला त्याची गरजही पडत नसे. बाकी दोघांचे बिल्ले गेटवर वॉचमनच्या केबिनीत खिळ्याला टांगलेले असत. दिगूचा माझ्या खणात, रुमालावर. कव्हरवर माझ्याच अक्षरात ‘परुळेकर’. दिवसातून दोनदा तरी खण उघडून मी ते नाव बघायची. तो कुठंही दूर जाऊ नये, एवढीच माझी इच्छा होती.

पंधरा दिवसांत बोटांवर फोड आले, फुटले, आणि आतलं मांस दिसायला लागलं. कंपनीच्या डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, ‘वाफेनं भाजलं. कामगाराचा निष्काळजीपणा.’ मलम दिलं. दिगू पाथरे साहेबांपुढे जाऊन उभा राहिला.

“साहेब, वाफ नव्हती. तुम्हाला माहीत आहे.”

“परुळेकर, मला काय माहीत आहे याला किंमत नाही. कागद काय म्हणतो? तुझ्या बिल्ल्याचा आकडा परवाच आला, मर्यादेच्या आत आहे. सोर्स हातात धरला असतास तर फिल्म कोळसा झाली असती.”

“एक ओळ लिहून द्या. कंपनीच्या सोर्सनं झालं, एवढीच. मुंबईचे डॉक्टर म्हणतात, कशानं झालं ते कळल्याशिवाय उपचार कसा ठरवू? मला दुसरं काही नको.”

“कंपनी बघेल.”

ती एक ओळ मिळाली असती तर हात वाचण्याची आशा होती, आणि ती नुसत्या शब्दांवर मिळणार नव्हती. मी दिगूला प्रयोगशाळेचा पत्ता दिला. पाकिटांवर घालून घालून मला तो पाठच होता. त्यानं डाव्या हातानं, बिल्ल्याचं सोडून सगळं आंतरदेशीय पत्रात लिहिलं. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं आलं, पण पत्र गेलं.

आठवड्यानं एक बाई आल्या. देवस्थळी बाई, किरणांच्या तपासणी खात्यातल्या. सुती साडी, खांद्याला झोळी आणि हातात पिवळी मीटरची पेटी. येण्याआधी पाथरे साहेबांनी मला बोलावून घेतलं.

“घरत, त्या विचारतील. परुळेकर रोज बिल्ला लावून जात होता, एवढं सांगायचं. तुमच्या नोकरीचाही प्रश्न आहे, हे लक्षात असू द्या.”

त्यांनी न सांगता मी तेच सांगणार होते, कारण आदल्या दिवशी दिगूनंही मला तेच सांगितलं होतं. गेटवर पाटी होती, ‘बिल्ल्याशिवाय काम करणे गुन्हा आहे’, आणि त्याखाली तिघांच्या सह्या घेतलेल्या होत्या. “बिल्ला खणात होता म्हणून सांगितलंस तर सगळा माझ्याच अंगावर येतला,” तो म्हणाला होता. “माझी सही आसा. साहेबान नुसत्या तोंडान सांगितलला कोण मानता?”

देवस्थळी बाई माझ्या टेबलासमोर बसल्या. पाथरे साहेब शेजारी उभे. बाईंनी तीन वर्षांचे आकडे समोर पसरले.

“परुळेकर बिल्ला रोज लावत होते?”

“हो.”

“तुम्ही पाहिलंय?”

“हो.”

“बाकी दोघांचे आकडे शून्य आहेत. म्हणजे ते बिल्ले कुठं असतात ते मला कळतं, सगळीकडे हेच चालतं.” पाथरे साहेबांकडे न बघता त्या म्हणाल्या. “पण परुळेकरांचा आकडा शून्य नाही. दर तिमाहीला थोडा, आणि जवळजवळ तेवढाच. काम कधी जास्त असतं, कधी कमी. आकडा तेवढाच कसा?”

मी ओळीनं आकडे पाहत गेले.

“गेल्या वर्षी भाद्रपदात ते महिनाभर रजेवर होते ना? हजेरी तुमच्याच अक्षरात आहे. त्या तिमाहीतसुद्धा तेवढाच.”

दिगूचे वडील वारले तो महिना. भिंत मुकी होती तो महिना. मला किरणांतलं काही कळत नव्हतं, पण जो माणूस महिनाभर इथं नव्हता त्याचा आकडा कमी व्हायला हवा, हे कुणालाही कळावं असं होतं. मग तो आकडा कुणाचा?

मी पाथरे साहेबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, नको म्हणून. दिगू बाहेर व्हरांड्यात बाकावर बसला होता, फडक्यात गुंडाळलेला हात मांडीवर घेऊन. दारातून मला फक्त तो हात दिसत होता. बिल्ला खरा ठरला तर त्या हाताला काही झालंच नाही, असं कागद म्हणणार होता.

“बिल्ला माझ्या खणात असायचा,” मी म्हणाले. “दिवसरात्र. तीन वर्षं. त्यांनी तो कधीच लावला नाही.”

“घरत,” पाथरे साहेब म्हणाले.

“थांबा,” बाई म्हणाल्या. त्यांनी पिवळी पेटी उघडली, मीटर सुरू केला आणि माझ्या खणाजवळ धरला.

तो टिकटिकायला लागला. आधी सावकाश. बाई उठल्या, माझ्या खुर्चीमागे गेल्या आणि त्यांनी मीटर भिंतीला लावला. मग टिकटिक वेगळी अशी ऐकू येईना, एकच करकर झाली. दिगू जिथं बोटं वाजवायचा, बरोबर तिथं.

“भिंतीपलीकडे काय आहे?”

“स्टोअर,” मी म्हणाले. “कॅमेरा तिथं असतो.”

“कॅमेरा स्टोअरमध्ये? शिशातूनही थोडे किरण झिरपतात, म्हणून तर त्याच्यासाठी आवाराच्या टोकाला कुलपाचा खड्डा दाखवलाय, नकाशा आहे माझ्याकडे.”

“त्यात पाणी झिरपतं, मॅडम,” पाथरे साहेब म्हणाले. “तात्पुरती सोय म्हणून...”

“तात्पुरती म्हणजे कधीपासून?”

मी उठले आणि कपाटातून पत्रव्यवहाराची फाइल काढली. खड्ड्याच्या दुरुस्तीसाठी मुख्य कचेरीला लिहिलेली तीन पत्रं मीच टाइप केली होती. कार्बन प्रती लावलेल्या होत्या. पहिलं तीन वर्षांपूर्वीचं. तिन्हींवर पाथरे साहेबांची सही. एकाचंही उत्तर नाही. साहेबांबद्दल खरं ते सांगायला हवं. त्यांनी तीनदा लिहिलं होतं. तिसऱ्यानंतर मुख्य कचेरीतून फोन आला, ‘तुमच्या पातळीवर भागवा.’ तेव्हापासून त्यांनी लिहिणं सोडलं आणि ‘कंपनी बघेल’ म्हणायला लागले. फाइल बाईंच्या हातात जाताना त्यांनी मला अडवलं नाही. खुर्ची ओढून खाली बसले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर, खोटं कशाला सांगू, थोडं हायसं वाटल्यासारखं दिसलं.

“परुळेकरांना बोलवा,” बाई म्हणाल्या.

दिगू आत आला. बाईंनी मीटर पुन्हा भिंतीला लावला.

“ऐकताय? तुम्ही कॅमेरा या भिंतीलगत ठेवता?”

“हो.”

“स्टोअरला चार भिंती आहेत. हीच का?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. उत्तर फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. पलीकडच्या भिंतीला पेट्या ठेवायचा पक्का कट्टा होता, रिकामा. तिथं कॅमेरा ठेवणं सोपंही होतं. पण तिथून माझं टेबल लांब पडायचं आणि ठोके ऐकू आले नसते. दिगू रजेवर असला तरी बाकी दोघं सवयीनं कॅमेरा याच भिंतीला ठेवत. मी त्याचा बिल्ला जवळ असावा म्हणून खणात ठेवत होते, आणि तो भिंतीपलीकडून मला किरण देत होता. त्या बिल्ल्यावर नाव त्याचं होतं, आणि फिल्म काळी होत होती ती मी बसायचे त्या जागेची.

“सोयीचं पडतं म्हणून,” तो म्हणाला.

बाईंनी मीटर बंद केला. “घरत, घाबरू नका. बिल्ला इथं चोवीस तास होता, तुम्ही आठ तास. आकडा फार मोठा नाही. पण तो तुमचा आहे. या माणसाच्या हाताला किती लागलं, ते कुठल्याच बिल्ल्यानं मोजलेलं नाही. तो हिशेब आता आम्ही करू, आणि लिहूनही देऊ.”

त्यांनी लिहून दिलं. कॅमेऱ्याचा परवाना थांबवला. महिनाभरानं मुख्य कचेरीतून माणूस आला आणि कंपनीनं आपल्या कागदावर, शिक्क्यासकट, ती ओळ दिली: ‘सदर इजा कंपनीच्या किरणोत्सारी सोर्समुळे झाली असून त्यात कामगाराचा दोष नाही.’ त्या माणसानं मजकूर सांगितला आणि टाइप मी केला. मुंबईच्या इस्पितळात दिगूवर कंपनीच्या खर्चानं उपचार झाले. पण ओळ यायला जो उशीर व्हायचा तो झालाच होता. अंगठ्याचं टोक आणि दोन बोटं काढावी लागली.

इस्पितळातून तो एकदाच आला. खिडकीशी उभा राहिला, पण हात कठड्यावर ठेवला नाही. कंपनी त्याला स्टोअरकीपरची जागा देत होती. तो नको म्हणून सांगायला आला होता.

“गावी जातंय,” तो म्हणाला.

“शिमग्याला?”

“नाय. कायमचा.” मग म्हणाला, “ती पेटी मीच ठेवलंय गो थंय. कंपनीन स्टोअरात ठेव म्हणून सांगितल्यान, पण त्या भिंतीक मीच लावलंय. उद्या तुझा नुसता डोक्या दुखला तरी माका वाटतला, ह्या माझ्यामुळेच. तसा आयुष्यभर बघीत रवणा माका जमाचा नाय.”

मला किती सांगायचं होतं. की खड्डा कंपनीनं दुरुस्त केला नाही, मीटर कंपनीनं कपाटात ठेवला, आपण दोघांनी फक्त एकमेकांच्या जवळ राहायचं बघितलं. की मला काही होवो, न होवो, मला साकव बघायचा आहे. त्याऐवजी मी म्हणाले, “तब्येतीला जपा.” आजही त्या दोन शब्दांचा मला राग येतो.

तो गेटबाहेर गेला. नंतर मी परुळ्याच्या पत्त्यावर दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही. डाव्या हातानं लिहायचा कंटाळा असेल, अशी मी कित्येक वर्षं स्वतःची समजूत घातली.

मला काही झालं नाही. साखर आहे, ती बाबांकडून आलेली. पस्तीस वर्षांत कधी डोकं दुखलं की मनात पहिलं हेच येई, की बरं झालं, त्याला कळलं नाही. लग्नाचं एक स्थळ सांगून आलं होतं. मीच नको म्हटलं. घरच्यांनी मग विषय काढला नाही.

निवृत्त होताना मी कपाटातून एकच कागद घरी आणला. देवस्थळी बाईंनी प्रयोगशाळेची नोंद दुरुस्त करायला लावली होती, तिची प्रत. तीन वर्षांचे बारा आकडे आहेत. प्रत्येक आकड्यापुढे ‘परुळेकर’ असं टाइप केलेलं आहे, त्यावर शाईनं आडवी रेघ, आणि वर माझ्याच अक्षरात ‘घरत’. खाली माझी सही आणि कंपनीचा शिक्का. आमची दोघांची नावं एका कागदावर आली ती एवढीच.